रोलर कोस्टर : उंचीचा हिशेब



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काहींच्या मनात शंका आली असेल. संतवाङ्मय, इतिहास, शेती आणि अर्थकारण यांच्या पंगतीला हा जत्रेतला खेळ कशासाठी आणून बसविला? शिवाय आपल्या बीड जिल्ह्यात रोलर कोस्टर नाही. तो पाहावयाचा तर पुणे ओलांडून, लोणावळ्याचा घाट उतरून खोपोलीपर्यंत जावे लागते. तेव्हा ज्या वस्तूचे दर्शन होण्यासाठी एवढा प्रवास करावा लागतो, तिच्याविषयी तासभर ऐकून आपल्या पदरात काय पडणार?

माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की रोलर कोस्टर हे पदार्थविज्ञानातील काही मूलभूत नियमांचे उत्तम प्रात्यक्षिक आहे. शाळेत हे नियम फळ्यावर राहतात. तिथे ते आपल्या पोटात शिरतात. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. महाशिवरात्रीला परळीला आणि बीडच्या कंकालेश्वराला जत्रा भरते, कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा भरते, आणि जत्रा म्हटली की आकाशपाळणा आलाच. आपण आपली मुले त्या पाळण्यात बसवितो. कशाच्या भरवशावर बसवितो, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारीत नाही. रोलर कोस्टर नीट समजून घेतला, तर हा प्रश्न कसा विचारावा हेही समजते.

आधी या खेळाचे कूळ पाहू. रशियात, विशेषतः सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात, हिवाळ्यात लाकडाचे उंच सांगाडे उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतीत. ते गोठले की त्या बर्फावरून लोक घसरत. पुढे ही कल्पना फ्रान्समध्ये गेली. तिथे बर्फाची खात्री नाही, म्हणून १८१७ साली पॅरिसमध्ये रुळावर चाकांच्या गाड्या सोडण्यात आल्या. आजही फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत या खेळाला ‘रशियन डोंगर’ अशाच अर्थाचे नाव आहे. गंमत अशी की खुद्द रशियन लोक त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात.

अमेरिकेचा संबंध आला तो कोळशामुळे. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ साली डोंगरावरील खाणीतला कोळसा खाली आणण्यासाठी उताराचा लोहमार्ग घातला गेला. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने खाली येत, आणि रिकाम्या वाघिणी खेचरे वर ओढून नेत. ही खेचरेही खाली येताना गाडीत बसून येत. खेचरांना मिळणारी ही मौज माणसांना सुचावयास फार वेळ लागला नाही. पुढे त्याच मार्गावर प्रवासी हौसेने बसू लागले. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस टॉम्प्सन या गृहस्थाने केवळ करमणुकीसाठी असा मार्ग उभारला. भाडे पाच सेंट, आणि वेग ताशी सुमारे १० किलोमीटर. आपली सायकल याहून जोरात जाते. तरीही लोकांनी रांगा लावल्या.

आपल्या देशात ही करमणूक उशिरा आली. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. महाराष्ट्रातील मुलांच्या दोन पिढ्यांनी त्याची जाहिरात पाठ केली होती. २०२२ साली ते बंद झाले. त्याआधी २०१३ साली खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात, इमॅजिका हे उद्यान उघडले, आणि त्याच वर्षी तिथे ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. बोलिगर आणि माबिलार्ड या स्वित्झर्लंडमधील नामांकित कंपनीने तो तयार केला. त्याची उंची सुमारे ४० मीटर, मार्गाची लांबी साडेआठशे मीटरच्या आसपास, आणि वाटेत माणूस पाच वेळा उलटा होतो. या गाडीला तळ नाही. माणसे चढेपर्यंत स्थानकात पायांखाली फळी असते. सर्वजण बसून कवचे पक्की झाली की ती फळी सरकून खाली जाते आणि पाय अधांतरी लोंबू लागतात. गाडी हलण्याआधीच अर्धा धीर तिथे सुटतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. या गाडीला इंजिन नसते. डिझेल नाही, डब्यात मोटार नाही. स्थानकातून निघाल्यावर एक लांब साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. तिथून पुढचा सगळा प्रवास, ते चढउतार, त्या कोलांट्या आणि वळणे, गाडी आपल्या वजनावर करते. म्हणजे माथ्यावर गाडीला उंचीचे भांडवल मिळते. ती पुढे ते खर्च करीत जाते, आणि वाटेत कोणी उसने देत नाही.

उंची हे भांडवल आहे, हे बीडच्या माणसाला नवे नाही. शहराजवळची खजाना विहीर आपण सर्वांनी पाहिली आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या त्या विहिरीचे पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने शेतांकडे गेले. उंचीचा फरक आणि नीट राखलेला ढाळ, एवढ्यावर ती योजना उभी राहिली. आणि योगायोग पाहा, हा रोलर कोस्टर ज्या खोपोलीच्या परिसरात उभा आहे, तिथेच १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून त्यांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडले, आणि त्या पडण्यातून निर्माण झालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. विहिरीचे पाणी, धरणाचे पाणी आणि ही गाडी, तिघांचा नियम एकच: जितके उंच चढवाल तितके काम खाली येताना परत मिळेल.

मग हे भांडवल उभे करावयास खर्च किती येतो? हिशेब सोपा आहे. माणसांनी भरलेल्या गाडीचे वजन दहा टन धरू. ते चाळीस मीटर वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा येते सुमारे ३९ लाख ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे साखळी आणि मोटारीतील घर्षणाची तूट सोडली, तर दहा टनांची गाडी बारा-तेरा मजले उंच चढविण्यास युनिटभराहून थोडीच जास्त वीज लागते! परळीच्या औष्णिक केंद्रात तयार होणारे आणि आपल्या घराच्या बिलात मोजले जाणारे तेच युनिट. एका युनिटात किती बळ असते हे ज्याला कळले, तो दिवसा दिवा जळत ठेवणार नाही.

हे भांडवल वेगाच्या रूपाने परत मिळते. किती वेग मिळेल हे काढण्याची रीत अशी: उंची मीटरमध्ये घ्यावी, तिला ९.८ ने आणि पुन्हा २ ने गुणावे, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. उंची ४० मीटर असेल तर गुणाकार येतो ७८४, आणि त्याचे वर्गमूळ बरोबर २८. म्हणजे दर सेकंदाला २८ मीटर, किंवा ताशी सुमारे १०० किलोमीटर. या रीतीत गाडीचे वजन कुठेच आले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. गाडीत पैलवान बसोत की शाळकरी मुले, तळाशी मिळणारा वेग हिशेबाने तोच. शंका असेल त्याने मांजरसुंब्याच्या घाटातल्या उतारावर दोन सायकली, एकावर हलका आणि एकावर जड स्वार बसवून, सोडू नयेत! कारण तिथे वाऱ्याचा अडथळा आणि समोरून येणारे ट्रक हेही हिशेबात येतात.

वाऱ्याचा आणि चाकांच्या घर्षणाचा अडथळा रोलर कोस्टरलाही चुकत नाही. प्रत्येक फेरीत थोडे भांडवल उष्णतेच्या आणि आवाजाच्या रूपाने निघून जाते. म्हणून पहिला चढ नेहमी सर्वांत उंच ठेवतात आणि पुढचे चढ उतरत्या क्रमाने बांधतात. एखाद्या चढासाठी पुरेसा वेग उरला नाही, तर गाडी माथ्यापर्यंत न जाता मध्येच थांबेल आणि मागे येईल. तेव्हा कोणत्या ठिकाणी किती वेग उरेल, हे अभियंत्याला कागदावर आधीच ठाऊक असावे लागते. थंडीत वंगण घट्ट होते, उलट वारा सुटला की गाडी मंदावते. यांचीही तरतूद त्याला करावी लागते.

आता पोटातल्या गोळ्याकडे येऊ. आकाशपाळणा खाली येऊ लागला की पोटात गोळा उठतो, हा सर्वांचा अनुभव आहे. असे का होते? आपण आपले वजन म्हणतो, ते आपल्याला जाणवते कसे? पृथ्वी आपल्याला खाली ओढते आणि खुर्ची किंवा जमीन आपल्याला वर रेटते. जाणीव होते ती या रेट्याची. पाळणा खाली जाऊ लागला की खुर्ची आपल्या खालून सरकू लागते, तिचा रेटा कमी होतो, आणि आपण हलके झालो असे वाटते. पोटातील अवयवही एरव्ही एकमेकांवर टेकलेले असतात. त्यांचाही भार क्षणभर सुटतो. तोच हा गोळा. रोलर कोस्टर माथ्यावरून खाली झेपावतो तेव्हा हा रेटा जवळजवळ शून्यावर येतो. दरीच्या तळाशी गाडी पुन्हा वर वळते, तेव्हा उलटे होते: खुर्ची आपल्याला जोराने वर रेटते आणि साठ किलोच्या माणसाला आपण दोनशे किलोचे झालो की काय असे वाटते. त्याचे खरे वजन वाढलेले नसते किंवा घटलेलेही नसते.

याच रेट्याच्या हिशेबात एकदा फार मोठी ठोकर बसली. १८९५ साली कोनी आयलंडवर माणसाला पूर्ण उलटे करणारी एक गाडी उभारण्यात आली. तिचे वेटोळे अगदी वर्तुळाकार होते. वर्तुळ ही आपल्या डोळ्याला निर्दोष वाटणारी आकृती. पण इथे तीच घातक ठरली. हिशेब केला तर असे दिसते की, वर्तुळाच्या माथ्यावर गाडी जेमतेम रुळाला चिकटून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट रेटा बसतो. साठ किलोच्या माणसावर तीनशे साठ किलो! आणि तोही एकदम, झटक्याने. लोकांच्या माना अवघडू लागल्या, आणि तो खेळ फार काळ टिकला नाही.

यावर तोड निघावयास ऐंशी वर्षे लागली. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने वेटोळ्याचा आकार बदलला. १९७६ साली कॅलिफोर्नियातील एका उद्यानात त्याच्या आराखड्याप्रमाणे मोठा रोलर कोस्टर उभा राहिला. त्याचे वेटोळे उलट्या टांगलेल्या थेंबासारखे होते: टोक वर नव्हे, गोलाई वर आणि खाली पसरट. खाली जिथे वेग जास्त आहे तिथे वळण मोठे व सौम्य, आणि वर जिथे वेग कमी झाला आहे तिथे वळण लहान. त्यामुळे रेटा हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. रेल्वेचा मार्ग सरळ रेषेतून वळणात नेतानाही असेच करतात. एकदम वळण दिले तर डबे हिसका खातात. खोपोलीच्या गाडीत माणूस पाच वेळा उलटा होऊनही हसत उतरतो, याचे श्रेय या आकाराला आहे.

गाडी उलटी झाल्यावर रुळावरून का पडत नाही, असे मुले नेहमी विचारतात. रेल्वेचे चाक नुसते रुळावर टेकलेले असते. रोलर कोस्टरच्या प्रत्येक आधाराला तीन प्रकारची चाके असतात: एक रुळाच्या वर धावणारे, एक बाजूने धरणारे आणि एक रुळाच्या खालून धरणारे. नळीसारख्या गोल रुळाला ही चाके तिन्ही बाजूंनी कवटाळतात. खालून धरणाऱ्या चाकाची युक्ती अमेरिकेतील जॉन मिलर याने १९१९ साली पेटंट करून घेतली, आणि त्यानंतरच गाड्यांना खरी झेप घेता आली. चढावर ऐकू येणारा ‘कट् कट् कट्’ असा आवाजही त्याच्याच काळातील एका युक्तीचा आहे. चढाच्या मार्गावर दातेरी पट्टी असते आणि गाडीखालची लोखंडी खिटी एकेका दातात पडत पुढे जाते. साखळी तुटलीच, तर खिटी त्या दातात अडकते आणि गाडी मागे घरंगळत नाही. ज्या आवाजाने माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो, तो आवाज त्याच्या रक्षणाचाच आहे.

या आवाजावरून वाट पाहण्याविषयी दोन शब्द बोलतो. रोलर कोस्टरमधील भीतीचा मोठा भाग प्रत्यक्ष उतारात नसतो. तो रांगेत आणि चढावर असतो. उतार दोन-चार सेकंदांत संपतो. रचनाकारांना हे चांगले ठाऊक असते, म्हणून ते चढ संथ ठेवतात, आणि रांग अशी फिरवितात की उभ्या असलेल्या माणसाला वरून जाणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकू याव्यात. नवा रोलर कोस्टर जाहीर झाला की हौशी लोक वर्षानुवर्षे त्याची वाट पाहतात; पहिला खांब कधी उभा राहिला, रुळाचा शेवटचा तुकडा कधी बसला, पहिली चाचणी कधी झाली, याची नोंद ठेवतात. सौदी अरेबियात रियाधजवळ किद्दिया येथे ‘फाल्कन्स फ्लाइट’ नावाचा रोलर कोस्टर होणार, असे २०१९ साली जाहीर झाले. तो लोकांना खुला झाला २०२५ सालच्या अखेरीस. लांबी सव्वाचार किलोमीटर, वेग ताशी २५० किलोमीटर. तुवैक डोंगराच्या कड्याचा त्यात उपयोग केला आहे. आपल्या मघाच्या रीतीने पाहिले, तर नुसत्या पडण्याने एवढा वेग येण्यासाठी सुमारे २४५ मीटरची उंची लागेल; म्हणून तिथे मार्गावर बसविलेल्या विद्युत्चुंबकीय मोटारी गाडीला पुढे लोटतात. म्हणजे उंचीचे भांडवल अपुरे पडले, तेव्हा विजेचे कर्ज काढले.

वाट पाहण्याच्या बाबतीत मात्र बीडच्या माणसाला कोणी काही शिकवू नये. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे नव्वदीच्या दशकात मंजूर झाली, आणि बीड शहरात पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी. त्या दिवशी गाडी पाहावयास आलेल्या माणसांना रांगेतली हुरहुर कशी असते, हे समजावून सांगावे लागले नसते.

या रेल्वेचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावयाचा आहे. एका मार्गावर दोन गाड्या असतील तर त्या एकमेकींवर आदळू नयेत, यासाठी रेल्वेने मार्गाचे खंड पाडले. एका खंडात एका वेळी एकच गाडी. पुढचा खंड मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही. रोलर कोस्टरनेही हीच शिस्त उचलली आहे. मार्गाचे तीन-चार खंड असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी गाडी थांबविण्याची सोय असते. ब्रेकही गाडीत नसतात, मार्गात असतात. चांगल्या रचनेत ते असे असतात की वीज गेली किंवा दाबाची हवा गेली, तर ते उघडत नाहीत, उलट घट्ट मिटतात. काही ठिकाणी चुंबकाचे ब्रेक असतात. गाडीखालची तांब्याची किंवा तशाच धातूची पट्टी चुंबकांच्या फटीतून वेगाने गेली की पट्टीत विजेचे भोवरे उठतात आणि तेच गाडीला मागे खेचतात. याला बाहेरची वीज लागतच नाही, आणि घासून झिजण्यासारखेही काही नसते.

इतकी योजना असताना अपघात का होतात? याचे उत्तर इंग्लंडमधील एका घटनेत मिळते. २ जून २०१५ रोजी ऑल्टन टॉवर्स या उद्यानात चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी चढ न चढता मध्येच थांबली. खंडांच्या शिस्तीप्रमाणे यंत्राने मागच्या, माणसांनी भरलेल्या गाडीला अडविले. यंत्राने आपले काम चोख केले होते. परंतु समोर गाडी अडकली आहे हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. यंत्रच चुकीची सूचना देत आहे असे समजून त्यांनी ती सूचना बाजूला सारली आणि गाडी पुढे सोडली. सोळा प्रवाशांची ती गाडी जाऊन रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. त्या गाडीचे गणित बरोबर होते. पोलादही शाबूत होते. पण थांबण्याचा इशारा मिळाल्यावर ‘थांबला का?’ हे शोधण्यापूर्वी ‘चालू करा’ म्हणण्याची घाई झाली.

आपल्या देशातील उदाहरणही ताजे आहे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा एक मोठा पाळणा मोडून खाली आला. दोघांचा जीव गेला आणि पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली. लोखंडही थकते, हे इथे ध्यानात घ्यावयास हवे. तार पुन्हा पुन्हा वाकविली की ती एकाच जागी तुटते, तसेच हजारो फेऱ्यांनी लोखंडात केसासारखी चीर पडते आणि ती आतल्या आत वाढत जाते. वरून रंग दिला की ती दिसत नाही. रंगाने उलट ती झाकली जाते. म्हणून मोठ्या उद्यानांत सांधे ध्वनिलहरींनी तपासतात; दवाखान्यात सोनोग्राफी करतात त्याच तत्त्वावर. रोज सकाळी माणसे चढण्यापूर्वी मार्ग पायी फिरून पाहतात, गाड्या रिकाम्या फिरवून पाहतात, आणि तपासणाराची सही झाल्याशिवाय फाटक उघडत नाही. ही सही हाच त्या खेळातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे मी म्हणेन.

आता आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याकडे येऊ. खोपोलीचा रोलर कोस्टर एकदा पाया खणून उभा केला, तो तिथेच आहे. जत्रेतला पाळणा ट्रकमधून येतो, रात्रीत उभा राहतो, आठ दिवस फिरतो आणि पुन्हा सुटा होऊन पुढच्या गावी जातो. म्हणजे दर गावी त्याचा पहिलाच दिवस असतो. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक खिळ नव्याने बसलेली असते, आणि तीही बहुधा जागरण झालेल्या माणसाच्या हातून. त्यात आपल्याकडची काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंतीला तडे जातात ते तिच्यामुळेच. अशा जमिनीवर पाळण्याचे पाय टेकताना खाली रुंद लाकडी ओंडके आहेत की चार विटा, यावर पुष्कळ अवलंबून असते. एका बाजूला माणसे भरली आणि दुसरी बाजू रिकामी ठेवली, तर तोल जातो. वीज गेली तर वर अडकलेल्यांना खाली कसे आणावयाचे, याचीही तयारी हवी.

या पाळणेवाल्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. ऊन, पाऊस आणि प्रवास सोसून ते गावोगाव आनंद नेतात, आणि आपली मुलेबाळेही त्याच पाळण्याखाली झोपवितात. पण आनंद विकणाऱ्याने हिशेब दाखविला पाहिजे आणि घेणाऱ्याने तो मागितला पाहिजे. तो मागण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. पाळणा उभा राहिल्यावर कोणी तपासला आणि त्याचा दाखला आहे काय? रोज पहिली फेरी रिकामी फिरवितात काय? पायांखाली काय आहे? दांडा स्वतः पाळणेवाला लावून पाहतो, की मुलांवर सोडतो? एवढे चार प्रश्न कोणत्याही आईबापाला विचारता येतात. ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला ते परवानगी देतानाच विचारता येतात. जत्रेच्या पंच मंडळींनी दुकानांची जागा ठरविताना एक तास यासाठी दिला, तर पुष्कळ झाले.

आणखी एक. उद्यानात फाटकापाशी उंचीची पट्टी लावलेली असते आणि तिच्याहून बुटक्या मुलाला आत सोडत नाहीत. मूल रडते, वडील हुज्जत घालतात, ‘आम्ही तिकिटाचे पैसे मोजले आहेत’ म्हणतात. पण खांद्यावरून येणारे ते कवच मोठ्या अंगाला बसेल असे बनविलेले असते; लहान अंग त्यातून निसटू शकते. ती पट्टी मुलाचा अपमान करण्यासाठी तिथे लावलेली नाही. आपल्या जत्रेत अशी पट्टी कोणी लावली, तर त्याच्याशी भांडू नये. त्याचे आभार मानावेत.

माणसाला भीतीची हौस का असावी, हा मानसशास्त्राचा विषय आहे आणि त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. मला एवढेच दिसते की रोलर कोस्टरमध्ये माणूस जी भीती विकत घेतो, ती कोणीतरी आधी मोजून ठेवलेली असते. किती उंची, किती वेग, किती रेटा, कुठे थांबा, हे सगळे कागदावर आणि रोजच्या नोंदवहीत असते. म्हणूनच तो ओरडतो आणि उतरल्यावर हसतो. जिथे ती नोंदवहीच नसते, तिथेही माणूस तसाच ओरडतो आणि तसाच हसतो. फरक त्याला दिसत नाही. तो फरक आपण पाहू लागलो, तर एखाद्या जत्रेतून सगळी मुले सुखरूप घरी येतील, आणि हा विषय या व्यासपीठावर आणल्याचे सार्थक होईल.